आयकलें

आमोण्याच्या धक्क्यावर एक यंत्र,
कुंभारजुव्याला, कालव्याच्या तोंडाशी दुसरं,
तिसरं मुरगावला, बंदराच्या ऑफिसात, एअरकंडिशनरखाली.
तिघांनी मिळून एकच गोष्ट सांगायची होती:
कुठली बार्ज कुठे आहे, तिच्यात खनिज किती.

सोपं आहे, असं मीच म्हणालो होतो
मीटिंगमध्ये, भाजके काजू खात.
सत्तावीस वर्षांचा होतो.
फर्मागुढीच्या प्रयोगशाळेत
चार प्रोसेसर एका बसवर बसवून आलो होतो.
बस म्हणजे कदंबची नव्हे, तांब्याच्या पट्ट्यांची,
पण भांडण तेच: एकच दार, चौघांना एकदम चढायचंय.
कुलूप मी लिहिलं होतं. दिवसातून एकदा ते उघडंच राहायचं
आणि स्कोपचा प्रोब लावला की
चूक शहाण्या मुलासारखी गप्प.
शेवटी प्रोब तसाच ठेवला. पाहुणे आले तेव्हाही.
कुणी विचारलं नाही ही वायर कशाची.

तिथे तारा वीतभर होत्या.
इथे मध्ये नदी.

ऑगस्टात एका रात्री टेलिफोनची लाइन येत-जात राहिली.
आमोणे म्हणे, बार्ज निघाली.
मुरगाव म्हणे, पोचली नाही.
कुंभारजुवे काहीच म्हणेना,
आणि जो काहीच म्हणत नाही
तो मेला, झोपला, की नुसताच हळू आहे
हे इथे बसून कळायला मार्ग नसतो.
पुढे हे वाक्य मी फळ्यावर कितीदा तरी लिहिलं.
त्या रात्री फक्त घाम पुसत होतो.

मुरगावने तीस सेकंद वाट पाहिली
(आकडा माझा, हवेतून काढलेला),
मग पुन्हा विचारलं. मग पुन्हा.
आमोण्याने दर वेळी नव्याने सांगितलं:
निघाली.
निघाली.
निघाली.
सकाळी हिशेबात 'सांता रीता' तीन होत्या,
तिन्ही काठोकाठ भरलेल्या,
आणि नदीत एक.

मिलाग्रिस कुलासो सायकल भिंतीला टेकवून आत आले.
धक्क्यावरचे टॅली क्लार्क; आमच्या यंत्राने
ज्यांची खुर्ची जायची होती, तेच.
न बोलता त्यांनी वही उघडली.
रोमी लिपीतली कोंकणी, दोन रकाने:
पळयलें. आयकलें.
पाहिलेलं इकडे, ऐकलेलं तिकडे,
आणि ऐकलेलं कधीही, चुकूनसुद्धा,
ओळ ओलांडून इकडे आलेलं नाही.
तासमिनिटं कुठेच नव्हती.
भरती लागण्याआधी. भरतीनंतर.
मी म्हटलं, घड्याळ?
ते म्हणाले, तुमची तीन आहेत, तीन वेळा दाखवतात.
पण पाणी तरी सगळीकडे एकदम कुठे चढतं, मी अडलो.
ना, ते म्हणाले, आधी मुरगावला, मग हांगा.
केन्ना उलटें जायना.

तीन आठवडे लागले.
प्रत्येक निरोपाला क्रमांक दिला,
तोच क्रमांक पुन्हा आला तर ऐकून सोडून द्यायचा.
प्रत्येक नोंदीला रकाना दिला, त्यांचाच.
वेळेऐवजी क्रम.
डिसेंबरात ते वेगळ्याच कारणाने कोसळलं,
पण ती गोष्ट डिस्कची, आणि उंदराची.

मिलाग्रिसची खुर्ची गेली नाही. कुणी काढलीच नाही.

परवा दुपारी दिवाडीहून फोन आला, त्यांच्या मुलाचा.
पाच मिनिटांनी खांडेपारकरांचा.
मग संध्याकाळी आणखी कुणाचा तरी:
मिलाग्रिस गेले, कळलं का?

यंत्रांना मी शिकवलं होतं
दुसऱ्यांदा आलेलं टाकून द्यायला.
मी तिन्ही वेळा म्हटलं, काय सांगता,
तिन्ही वेळा खुर्ची शोधली बसायला.